आपल्या मनाबद्दल कोण लिहिणार, आणि कोणत्या कसोटीवर?



महालातल्या एका माडीवर आम्ही दहा-बारा जण रविवारी बसतो. कोणी विद्यार्थी आहे, कोणी नर्स, कोणी वकिली करतो, कोणी दिवसा ऑटो चालवून रात्री स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. आपल्या पोरापोरींना मानसिक आरोग्याची माहिती साध्या मराठीत मिळावी, म्हणून आम्ही मिळून टिपणे लिहितो. नैराश्य म्हणजे काय, सरकारी दवाखान्यात कुठे जायचे, हॉस्टेलवर जातीवरून छळ झाला तर काय करायचे, अशी ही टिपणे. त्यात फोनवरून कोणालाही भर घालता येत असे. अडवायचे कोणालाच नाही, हा आमचा एकमेव नियम. ज्यांना हजारो वर्षे लिहू दिले नाही, त्यांना लिहिण्यापासून आपण कसे अडवणार?

मग एक दिवस एका ताईचा फोन आला. तिच्या भावाला डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या होत्या. त्याने त्या अचानक सोडल्या आणि तीन आठवड्यांत त्याची तब्येत इतकी बिघडली की भरती करावे लागले. ताई रागावली नव्हती, आणि तेच आम्हाला जास्त लागले. ती एवढेच म्हणाली, "दादा, तुमच्याच टिपणात लिहिलं होतं ना, की या गोळ्यांची सवय लागते आणि ध्यानानं सगळं बरं होतं."

आम्ही टिपण उघडून पाहिले. वाक्य होते. आमच्यापैकीच कोणीतरी चांगल्या भावनेने लिहिलेले, आणि सात-आठ जणांनी वाचून तसेच ठेवलेले. तो भाऊ आता बरा आहे. त्याची परवानगी घेऊनच, आणि ओळख पटेल असे काही न ठेवता, हे इथे लिहीत आहोत. पण त्या फोननंतर आम्ही महिनाभर नवे काही लिहिले नाही. फक्त भांडलो. त्या भांडणातून जे निघाले ते तुमच्यासमोर ठेवतो, कारण आज गावोगावी, वस्तीवस्तीत आपली मुले अशीच माहिती लिहीत आणि पुढे पाठवत आहेत.

भांडणात दोन बाजू होत्या. पहिली म्हणाली, हा विषय डॉक्टरांचा आहे, आपण हात लावू नये. दुसरी म्हणाली, कसोट्या आणि नियम हीच ब्राह्मणी चाल आहे. ज्याने सोसले त्याचा अनुभव हाच पुरावा, त्याला तपासणारे तुम्ही कोण? आमच्या मते दोन्ही बाजू चुकतात, आणि दोघींच्या चुकीची किंमत आपल्याच घरातले लोक मोजतात.

पहिली बाजू आधी घेऊ. डॉक्टरांनी लिहिले म्हणजे शास्त्र झाले, असे इतिहास सांगत नाही. १८५१ मध्ये अमेरिकेत सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने एक नवा आजार शोधून काढला. नाव दिले ड्रेपटोमेनिया. लक्षण काय? गुलामाने मालकाकडून पळून जावे असे वाटणे! आणि उपायात चाबूकही होता. स्वातंत्र्याची इच्छा म्हणजे वेड, असे एका शिकलेल्या डॉक्टरने लिहिले. समलैंगिकता हा आजार नाही हे मान्य करायला अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेला १९७३ साल उजाडावे लागले, जागतिक आरोग्य संघटनेला १९९०.

लांब कशाला जायचे, आपले नागपूरच पाहा. ताजुद्दीन बाबांना इंग्रजी अमलात इथल्या वेड्यांच्या इस्पितळात अनेक वर्षे ठेवले होते. १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना सोडवून सक्करदऱ्याच्या वाड्यात नेले. सरकारी नोंदवहीत वेडा, लोकांच्या मनात अवलिया. त्यांच्या चमत्कारांशी आम्हाला कर्तव्य नाही. आमचा प्रश्न नोंदवहीचा आहे. ती कोणाच्या हातात होती, आणि ज्यांना सोडवायला कोणी राजा आला नाही त्यांचे काय झाले? आजही मानकापूरजवळच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाकडे जाणाऱ्या चौकाला सारे शहर 'पागलखाना चौक' म्हणते. ऑटोवाला म्हणतो, आपणही म्हणतो. ज्या ठिकाणी उपचारासाठी जायचे त्याचा पत्ताच शिवी असेल, तर वस्तीतली आई आपल्या मुलीला तिथे कशी नेणार?

आणि डॉ. पायल तडवींना कसे विसरायचे? मुंबईच्या नायर रुग्णालयात शिकणारी आदिवासी समाजातली ही डॉक्टर २२ मे २०१९ रोजी गेली. जातीवरून छळ केल्याच्या आरोपाखाली ज्यांच्यावर आरोपपत्र दाखल झाले, त्या तिघीही डॉक्टरच. त्याआधी २००७ मध्ये प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने दिल्लीच्या एम्समधला जातीय भेदभाव कागदावर आणला होता. मनाचे आजार ज्या संस्थांमध्ये शिकवले जातात, त्या संस्थांना जात लागू नाही असे कोणी समजू नये. म्हणून आपल्या मनाबद्दल लिहिण्याचा सगळा अधिकार पांढऱ्या कोटाकडे सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही.

आता दुसरी बाजू. ती आपल्या काळजाच्या जवळची, म्हणूनच तिच्याशी जास्त कठोर व्हायला हवे.

अनुभव हा पुरावा आहे, पण कशाचा? हॉस्टेलवर माझे आडनाव कळल्यावर रूममेटने ताट वेगळे केले, त्यानंतर मला झोप येईनाशी झाली. याचा माझ्या अनुभवापेक्षा मोठा पुरावा नाही. इथे कोणत्याही प्राध्यापकाची सही लागत नाही. पण मी एक गोळी सोडली आणि मला बरे वाटले, म्हणून सगळ्यांनी सोडावी, हे माझ्या अनुभवाने सिद्ध होत नाही. पहिल्या वाक्यात मी माझ्याबद्दल बोलतो, दुसऱ्यात अनोळखी माणसाच्या शरीराबद्दल. हा फरक पुसला की अनुभव म्हणजे थेट हुकूम होतो.

आणि अडवणूक कशाला म्हणायचे? मनुस्मृतीची कसोटी होती 'कोण बोलतो?' ब्राह्मण बोलला तर ज्ञान, शूद्र बोलला तर शिक्षा. आमची कसोटी आहे 'काय बोलतो आणि कशाच्या आधारावर?' पहिली कसोटी जन्म विचारते, दुसरी पुरावा विचारते. दोन्हींना एकाच नावाने हाक मारणे म्हणजे मनूला फुकटचे मोठेपण देणे. तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना हेच सांगितले होते: परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, बोलणारा आपला गुरू आहे म्हणून स्वीकारू नका. यातले शेवटचे आपण सोयीने विसरतो. बोलणारा आपला आहे, निळा झेंडा घेऊन आला आहे, म्हणून तो खरा ठरत नाही.

अनेकांनी मिळून एक मजकूर लिहायचा आणि तरी तो नेटका ठेवायचा, हे आपल्याला नवे नाही. या देशातला असा सर्वांत मोठा मजकूर म्हणजे संविधान. मसुद्यावर ७,६०० हून अधिक दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. बाबासाहेबांनी कोणाला 'तू कोण दुरुस्ती सुचवणारा?' असे विचारले नाही, आणि सुचवली म्हणून कोणतीही दुरुस्ती मुकाट घातलीही नाही. दुरुस्ती काय, कशासाठी, तिचा परिणाम काय, यावर वाद झाला, नोंद राहिली, मग निर्णय झाला. आम्हाला आमच्या टिपणांसाठी हीच शिस्त हवी आहे.

असे प्रयत्न इतरत्रही झाले आहेत. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, तिथे कोणीही लिहू शकतो. पण आरोग्याच्या विषयात विकिपीडियाचा दंडक वेगळा आहे: एखाद्या सुट्या अभ्यासावर किंवा बातमीवर विसंबायचे नाही, अनेक अभ्यासांचा आढावा, पाठ्यपुस्तके, मान्य मार्गदर्शिका यांचा आधार द्यायचा. मराठी विश्वकोशानेही विषयवार ज्ञानमंडळे करून जाणकारांकडून नोंदी तपासून घेण्याची पद्धत ठेवली. दोन्हीकडे आपला आवाज किती कमी आहे, हे आपण जाणतो. पण तो वाढवायचा मार्ग कसोटी मोडण्यातून जात नाही. कसोटीवर उतरेल असे लिहिणारे आपल्यातून तयार करावे लागतील.

तर आम्ही ठरवलेल्या कसोट्या या.

पहिली: प्रत्येक विधानाला त्याच्या जातकुळीचा पुरावा. आजार आणि औषध यांबद्दलचे विधान असेल तर मान्य वैद्यकीय आधार हवा, आणि आमच्याबाहेरच्या एका तरी जाणकाराने ते वाचलेले हवे. कायदा आणि सरकारी सोयी यांबद्दल असेल तर मूळ कलम पाहिलेले हवे. अनुभव असेल तर 'मला', 'माझ्या बाबतीत' असेच लिहायचे आणि त्यातून सल्ला काढायचा नाही. आमचे ते घातक वाक्य आता असे आहे: नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम जाणवायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, त्या दारूसारखे व्यसन लावत नाहीत, पण अचानक बंद केल्या तर त्रास होतो, म्हणून थांबवायच्या असतील तर डॉक्टरांशी बोलून हळूहळू. कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, हे कोणत्याही टिपणात येणार नाही.

दुसरी: आकडा फेकायचा नाही. निमहान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी मानसिक आजार असल्याचे आढळले, आणि निरनिराळ्या आजारांत उपचाराविना राहिलेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के निघाले. हा आकडा आपली पोरे भाषणात 'महाराष्ट्रात दर दहांत एक' असा ठोकून देतात. पण ते सर्वेक्षण १२ राज्यांत झाले आणि त्यात महाराष्ट्र नव्हता! आकडा जिथला आहे तिथलाच सांगायचा. आपला एक आकडा खोटा निघाला की समोरचा आपली दहा खरी दुःखे खोटी ठरवतो.

तिसरी: टिपणावर तारीख, आणि वर्षातून एकदा फेरवाचन. आत्महत्येचा प्रयत्न केला तर तुरुंग, ही भीती अजून वस्त्यांत फिरते, आणि त्या भीतीने घरचे लोक जखमी माणसाला दवाखान्यात न्यायला कचरतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये झाला, २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ११५ नुसार अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरायचे असते, आणि तिची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य आहे. पुढे भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ आलेच नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी असा प्रयत्न करणे एवढाच वेगळा गुन्हा उरला. जुने टिपण न बदलता फिरत राहिले तर ते एखाद्याच्या जिवावर उठू शकते.

चौथी: आपल्या बाजूलाही तीच कसोटी. ध्यान, विपश्यना ही आपल्या समाजाला धम्माबरोबर जवळची झाली. अनेकांना त्याने शांतता मिळते, ती त्यांनी जरूर सांगावी. पण गोएंका गुरुजींच्या परंपरेतल्या शिबिराचा अर्ज भरून पाहा. तिथे मानसिक आजाराबद्दल विचारतात. गंभीर मनोविकारावर शिबिर हा उपचार नाही, असे त्यांच्या नियमावलीतच आहे. जे केंद्र स्वतः म्हणत नाही ते आपण त्याच्या नावाने का म्हणायचे? बुवाबाजीला पुरावा मागणारे आपण, आपल्याच माणसाने 'सगळे बरे होते' म्हटले की गप्प का बसतो? सैलानीला साखळी पाहून आपण संतापतो, ते बरोबरच आहे. २०१७ च्या कायद्याने कोणत्याही प्रकारे साखळदंडात ठेवायला बंदी केली आहे. पण औषध सोडायला लावणारे आपले एक वाक्यही माणसाला तसेच जखडून टाकते.

पाचवी, आणि यावर आमचे सर्वांत कडाक्याचे भांडण झाले: आत्महत्येबद्दल कसे लिहायचे. प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या. पद्धत सांगू नका, ठळक मथळे देऊ नका, एकच कारण देऊन प्रश्न सोपा करू नका. आमच्यातले काही जण उसळले. रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात गेला तेव्हा 'एकच कारण देऊ नका' हेच वाक्य जात लपवायला वापरले गेले, असे त्यांचे म्हणणे, आणि ते खोटे नाही. 'वैयक्तिक नैराश्य' लिहिले की संस्था सुटते.

पण आम्हाला दुसरीही गोष्ट दिसली. आपल्या पोस्टरांवर, कवितांत, भाषणांत आपण या मृत्यूंना हौतात्म्याचा रंग देतो. सतरा-अठरा वर्षांचा, एकटा पडलेला मुलगा ते वाचतो आणि त्याला काय कळते? जिवंतपणी कोणी विचारले नाही, गेल्यावर चौकात फोटो लागेल. हे आपण नकळत शिकवत आहोत. म्हणून ठरवले: छळ कोणी केला, कुठे केला, कोणती तक्रार दडपली, कोणत्या कलमाखाली गुन्हा नोंदला, हे कागदासह, नावानिशी, न घाबरता लिहायचे. संस्थेची जबाबदारी सोडायची नाही. रोहितची आई राधिका वेमुला आणि पायलची आई आबेदा तडवी यांनी २०१९ मध्ये मिळून सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले, ते लिहायचे, कारण तो जगणाऱ्यांचा लढा आहे. पण मृत्यू कसा झाला ते लिहायचे नाही, आणि मृत्यू हा लढ्याचा मार्ग आहे असे सुचवणारा एक शब्दही येऊ द्यायचा नाही. आम्हाला जिवंत कार्यकर्ते हवेत.

सहावी: संमती. कोणाची कहाणी त्याच्या होकाराशिवाय घ्यायची नाही, आणि होकार दिला तरी नंतर काढून टाकण्याचा हक्क त्याचाच. उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीविना माध्यमांना द्यायला कायद्याच्या कलम २४ ने मनाई केली आहे. लग्न, नोकरी, भाड्याची खोली या तीनही ठिकाणी आपल्या माणसाला आधी जात आडवी येते. त्यावर आजाराचा शिक्का मारायचे काम तरी आपण करू नये.

सातवी: भाषा. 'वेडा', 'मेंटल', 'पागल' नाही. पण 'छिन्नमनस्कता' लिहून वाचणाऱ्याला पळवायचेही नाही. लोक स्किझोफ्रेनिया म्हणतात, तेच लिहू. आई म्हणते 'करमत नाही', 'जीव घाबरतो', 'डोकं जड झालं', तर सुरुवात तिथूनच करू. 'बाहेरचं झालं' म्हणणाऱ्या आजीला मूर्ख ठरवून टिपण सुरू केले, तर ते नातवापर्यंत पोहोचणारच नाही.

कोणी म्हणेल, एवढा काथ्याकूट कशाला? चार ओळींनी काय होते? महालात राहणाऱ्यांनी तरी हे विचारू नये. १७ मार्च २०२५ च्या संध्याकाळी इथे जे पेटले त्यात अफवांचा हात होता. शहराच्या अनेक भागांत संचारबंदी लागली, गल्ल्या ओस पडल्या, हातावर पोट असणाऱ्यांची चूल थांबली. न तपासता पुढे पाठवलेल्या ओळीची ताकद आपण खिडकीतून पाहिली आहे. मनाच्या आजाराबद्दलची चुकीची ओळ धूर करत नाही, एवढाच फरक. ती एका घरात, दाराआड, सावकाश जाळते.

आणि हेही लक्षात ठेवा की नीट तपासलेली ओळ तितकीच ताकदवान असते. याच २०१७ च्या कायद्याचे कलम ३ सांगते की माणसाची सामाजिक, आर्थिक, राजकीय स्थिती पाहून, किंवा तो समाजाच्या रूढ मूल्यांशी जुळवून घेत नाही म्हणून त्याला मानसिक आजारी ठरवता येणार नाही. कलम १८ सांगते की सरकारी मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि त्यात जातीवरून भेदभाव चालणार नाही. 'जात' हा शब्द तिथे लिहिलेला आहे. घरच्यांनी ठरवलेले लग्न नाकारणाऱ्या मुलीला 'डोक्यावर परिणाम झाला' म्हणत दवाखान्यात ओढून नेणाऱ्यांसमोर कलम ३ वाचून दाखवता येते. पण त्यासाठी ते आपल्या टिपणात अचूक लिहिलेले असले पाहिजे.

'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला तो मुक्यांना बोलते करण्यासाठी. 'बहिष्कृत भारत'चे स्तंभच्या स्तंभ बाबासाहेब एकट्याने लिहीत, आणि आधाराशिवाय लिहीत नसत. त्यांच्या हातात पैसा नव्हता, सत्ता नव्हती. पुरावा होता. आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात छापखाना आहे. तो कशासाठी वापरायचा, हे आपण ठरवायचे.

आमची टिपणे पुन्हा सुरू झाली आहेत. सगळ्यात वर एक ओळ आहे: हे टिपण डॉक्टरची जागा घेत नाही, जीव नकोसा वाटत असेल तर आत्ता १४४१६ वर फोन करा, टेलिमानसची ही सरकारी सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येते. त्या खाली टिपणाची तारीख, आणि ते कोणी तपासले. आणि सगळ्यात खाली, आमच्या हातून पूर्वी काय चुकीचे लिहिले गेले होते, ते. ती ओळ आम्ही पुसलेली नाही. त्या ताईने ती वाचली आणि परवा फोन केला. म्हणाली, पुढच्या रविवारी मीही येते, माझ्या भावाच्या औषधांबद्दल मला नीट लिहायचं आहे.

तुमच्या वस्तीतही अशी ताई आहे. तिला बोलवा, आणि लिहायला बसण्याआधी कसोट्या समोर ठेवा.

जय भीम!